टिळक की आगरकर? चरित्रातील दुव्यांवरून व्यक्ती ओळखण्याविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चरित्रे आणि आत्मचरित्रे आपण नियमित वाचता, तारखा व ग्रंथनामे आपल्या ध्यानात राहतात, तरीही प्रश्नमंजूषेतील ‘ओळखा पाहू, मी कोण?’ या फेरीत आपला संघ हमखास गुण गमावतो. उदाहरणादाखल आपण एका स्पर्धेतील पाच दुवे दिले आहेत: जन्म जुलै १८५६; पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या उभारणीत सहभाग; कोल्हापूर प्रकरणावरून डोंगरीच्या तुरुंगात कारावास; ‘केसरी’चे पहिले संपादक; फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य. तिसरा दुवा वाचून होताच आपण बझर दाबला आणि ‘लोकमान्य टिळक’ असे उत्तर दिले. अपेक्षित उत्तर गोपाळ गणेश आगरकर होते. आता वाचन वाढवावे का, आणि वाढवायचे तर कोणते, असे आपण विचारता.

माझ्या मते आपले वाचन कोठेही कमी पडलेले नाही. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक होते हे आपल्याला त्या क्षणीही माहीत असणार. अडचण वेगळी आहे. प्रत्येक दुवा ऐकताना ‘हा कोणाला लागू पडतो?’ एवढेच आपण स्वतःला विचारत होता. ‘हा कोणाला वगळतो?’ हा प्रश्न विचारायचा राहून गेला. मी बरीच वर्षे शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांसाठी प्रश्न रचतो, आणि माझ्या अनुभवात चांगला वाचक आणि चांगला स्पर्धक यांच्यातले अंतर बहुतेक वेळा या एका सवयीचे असते.

आपलेच पाच दुवे पाहू. टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला आणि आगरकरांचा १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी. पहिला दुवा म्हणजे एकाच महिन्यात जन्मलेले दोन सहकारी आहेत आणि त्यांच्यात तो काहीही निवड करत नाही. न्यू इंग्लिश स्कूल दोघांचे. डोंगरीचा कारावासही दोघांचा, कारण कोल्हापूरच्या दिवाणांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघांनाही शिक्षा झाली आणि दोघेही १०१ दिवस तेथे होते. तिसऱ्या दुव्यापर्यंत आपल्याजवळ जमलेली माहिती भरघोस दिसत होती, परंतु निवडीच्या दृष्टीने आपण पहिल्या दुव्याच्या पुढे सरकलाच नव्हता. निर्णय चौथ्या दुव्यात होता. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले तेव्हा ‘केसरी’ आगरकरांकडे आणि ‘मराठा’ टिळकांकडे होता. पुढे मतभेद वाढून १८८७ मध्ये आगरकर बाजूला झाले, ‘केसरी’ टिळकांकडे आला आणि तोच इतिहास सर्वांच्या मनावर कोरला गेला. पाचव्या दुव्याने उरलीसुरली शंकाही मिटते: आगरकर १८९२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, तर टिळकांनी १८९० मध्येच डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती.

प्रश्न रचणारा हे जाणूनबुजून करतो. त्यात लबाडी नसते, कारण दिलेला प्रत्येक दुवा खरा असतो. मी स्वतः प्रश्न रचायला बसतो तेव्हा उत्तराची व्यक्ती ठरवल्याबरोबर दुसरे नाव लिहितो ते तिच्या ‘शेजाऱ्याचे’. त्याच काळातील, त्याच क्षेत्रातील, पण अधिक प्रसिद्ध अशी ती व्यक्ती असते, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर तीच आधी येणार असते. आगरकरांचे शेजारी टिळक आहेत, रखमाबाईंच्या शेजारी आनंदीबाई जोशी आहेत, धर्मानंद कोसंबींचे शेजारी त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी आहेत. मग पहिले दोन-तीन दुवे मी असे निवडतो की ते दोघांनाही लागू पडावेत आणि शेवटचे दोन शेजाऱ्याला बाहेर काढावेत. ही रचना एकदा लक्षात आली की स्पर्धकाने काय करायचे ते आपोआप ठरते: मनात पहिले नाव आले की लगेच त्याचा शेजारी शोधायचा. शेजारी सापडला तर थांबायचे, आणि पुढच्या दुव्यात फक्त या दोघांना वेगळे करणारा शब्द ऐकायचा.

अर्थात किती थांबायचे हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि येथे मी सरसकट नियम सांगणार नाही. लेखी फेरीत सर्व दुवे एकदम समोर असतात, तेव्हा घाईचे काहीच कारण नसते. अशा वेळी शेवटचा दुवा आधी वाचावा, कारण निर्णायक मजकूर बहुधा तेथेच ठेवलेला असतो. बझर फेरीत दर दुव्यागणिक गुण उतरत असतील आणि चुकीच्या उत्तराला उणे गुण नसतील, तर दोन नावांमध्ये अडकलेल्या संघाने धोका पत्करणे चुकीचे नाही. उणे गुण असतील तर हिशेब उलटा होतो. शिवाय प्रश्न कोणी रचले आहेत हेही पाहावे लागते. शाळांच्या स्पर्धांत पहिलाच दुवा पुष्कळदा उघड असतो आणि तेथे शेजारी शोधत बसणारा मागे पडतो. महाविद्यालयीन आणि खुल्या स्पर्धांत मात्र पहिल्या दुव्यावर सुचलेले नाव बरोबर असण्यापेक्षा ते सापळा असण्याची शक्यता अधिक, असे मी धरून चालतो.

दुव्यांचे वजन कसे करावे हे दाखवण्यासाठी मी रचलेला, आणि मला स्वतःला आवडणारा, एक संच देतो. पहिला दुवा: ‘माझे जन्मनाव गणपतीचे होते, दत्तक गेल्यावर मी विष्णू झालो.’ ऐकणाऱ्याला वाटते की इतका विलक्षण तपशील एकाच माणसाचा असणार. प्रत्यक्षात मराठीतील दोन थोर साहित्यिकांना तो तंतोतंत लागू पडतो. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले, आणि गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णु वामन झाले. दुसरा दुवा: ‘१९३६ च्या सुमारास मी चित्रपटासाठी लिहिले.’ खांडेकरांची कथा असलेला ‘छाया’ त्याच वर्षीचा, आणि शिरवाडकरांनी त्याच सुमारास ‘सती सुलोचना’साठी लेखन करून त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. तिसरा दुवा: ‘साहित्य अकादमी आणि ज्ञानपीठ हे दोन्ही पुरस्कार मला मिळाले.’ पुन्हा दोघेही. एवढेच काय, ‘१९७४ साली मला राष्ट्रीय पातळीवरचा साहित्य पुरस्कार मिळाला’ असे म्हटले तरी निकाल लागत नाही, कारण त्या वर्षी खांडेकरांना ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळाले आणि शिरवाडकरांना ‘नटसम्राट’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार.

ह्या संचात निकाल लावणारा दुवा अगदी साधा आहे: ‘कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावी मी अनेक वर्षे शाळामास्तर होतो.’ ते गाव शिरोडे, आणि तेथे १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवणारे खांडेकर. शिरवाडकर हवे असते तर मी लिहिले असते, ‘माझे टोपणनाव माझ्या धाकट्या बहिणीच्या नावावरून घेतलेले आहे.’ येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की पुरस्कार, वर्ष, चित्रपट हे भारदस्त दुवे निरुपयोगी ठरले आणि मास्तरकी किंवा बहिणीचे नाव यांसारखे घरगुती तपशील कामाला आले. हा योगायोग नाही. सन्मान, पदव्या आणि अध्यक्षपदे ही समाजाने ठरवलेल्या चाकोरीतून येतात, म्हणून ती अनेकांच्या वाट्याला येतात. नोकरीचे गाव, वडिलांचा धंदा, मृत्यूचे ठिकाण, मूळ आडनाव हे मात्र ज्याचे त्याचे असते. म्हणून चरित्र वाचताना पुरस्कारांच्या पानावर मी फारसा रेंगाळत नाही. पहिली नोकरी कोठे होती, ते मात्र टिपून ठेवतो.

दत्तकाचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. मराठी मुलखातील माणसे ओळखताना दत्तकविधान हा फार मोलाचा दुवा आहे, कारण त्यात माणसाचे नाव, वडिलांचे नाव आणि कधी कधी आडनावही बदलते, आणि प्रश्न रचणाऱ्याला खरे नाव उघडपणे देऊनही माणूस लपवता येतो. ‘नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळ’ म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड, हे ठाऊक नसेल तर कळणे अवघड. ‘कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव’ म्हणजे कोल्हापूरचे शाहू महाराज. हे दोघेही एकमेकांचे शेजारी आहेत: दोघे दत्तक, दोघे संस्थानिक, दोघे सुधारक, आणि डॉ. आंबेडकरांना दोघांचेही साहाय्य झाले. त्यामुळे ‘आंबेडकरांना मदत करणारे संस्थानिक’ एवढ्यावर कधीही उत्तर देऊ नये. मदत कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी होती असे म्हटले असेल तर बडोदे; ‘मूकनायक’साठी होती किंवा माणगाव परिषदेचा उल्लेख असेल तर कोल्हापूर. १९०२ साली निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश आला असेल तर प्रश्नच उरत नाही.

नावांचे आणखी दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लोकांनी ठेवलेल्या नावाखाली पुसले गेलेले कागदोपत्री नाव. देबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजे गाडगेबाबा, माणिक बंडोजी इंगळे म्हणजे तुकडोजी महाराज, नारायण सूर्याजी ठोसर म्हणजे समर्थ रामदास, मुरलीधर देवीदास आमटे म्हणजे बाबा आमटे, तुकाराम भाऊराव साठे म्हणजे अण्णा भाऊ साठे. फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे होते. ही नावे पाठ करण्याखेरीज इलाज नाही. यात तर्काला फारसा वाव नाही. अण्णा भाऊंच्या बाबतीत एक गंमत सांगतो. त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. ती तारीख वाचल्याबरोबर स्पर्धकांच्या मनात टिळकांचा मृत्यू येतो आणि पुढचे वाक्य ते नीट ऐकतच नाहीत. तारीख जितकी ओळखीची, तितके तिच्याविषयी सावध राहावे.

दुसरा प्रकार समान नावांचा. ‘गंधर्व’ ही पदवी ऐकून बालगंधर्व म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण नारायण श्रीपाद राजहंस यांच्याखेरीज सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर आहेत, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे आहेत आणि कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली आहेत. स्त्रीभूमिका केल्या असे म्हटल्यानेही निकाल लागत नाही, कारण सवाई गंधर्वांनीही त्या केल्या होत्या. भीमसेन जोशी यांचे गुरू असे म्हटले की लागतो. बहिणाबाई दोन आहेत. एक सतराव्या शतकातील, तुकारामांना गुरू मानणारी संत कवयित्री. दुसऱ्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी, ज्यांच्या ओव्या त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. रमाबाई तर किमान तीन: पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर. अशा वेळी नावाचा अर्धा भाग कळला म्हणून उत्तर कळले असे मानू नये.

‘अग्रज’ या शेवटाची टोपणनावेही घोटाळा करतात. कुसुमाग्रज आणि गोविंदाग्रज दोन्ही भावंडांच्या नावांवरून आली आहेत. ‘टोपणनाव भावंडावरून’ एवढ्यावर थांबू नका. भावंड बहीण की भाऊ, हे ऐका. गडकरी स्वतः कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदी लेखनात बाळकराम होते, तेव्हा ‘दोन टोपणनावे’ असा उल्लेख आला तर पारडे तिकडे झुकते.

आता ‘पहिला’ आणि ‘पहिली’ या दुव्यांविषयी, कारण सर्वाधिक वाद तेथेच होतात. ‘पहिली महिला डॉक्टर’ असे म्हटले की उत्तर आनंदीबाई जोशी असते, असा एक समज रूढ आहे. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळवली, कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले आणि रुग्णसेवा करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही. बंगालमध्ये कादंबिनी गांगुली यांनी १८८६ मध्येच कलकत्त्याला वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि पुढे प्रत्यक्ष व्यवसाय केला. रखमाबाईंनी लंडनला शिक्षण घेऊन सुरतेस आणि राजकोटला दीर्घकाळ काम केले. म्हणजे ‘पहिली’ हा शब्द पदवीसाठी आहे, व्यवसायासाठी आहे, परदेशी शिक्षणासाठी आहे की महाराष्ट्रापुरता आहे, हे वाक्यात लिहिलेले असायला हवे. जबाबदार रचनाकार ते लिहितो. वाक्यात मर्यादा दिलेली असेल तर ती मर्यादाच खरा दुवा समजावी, आणि ‘पहिली’ हा शब्द बाजूला ठेवावा. या तिघींतील निर्विवाद दुवे वेगळेच आहेत. रक्षा न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, असे म्हटले तर आनंदीबाई. बालपणीच्या विवाहाचे बंधन नाकारून न्यायालयात दादाजी भिकाजींविरुद्ध उभी राहिलेली, असे म्हटले तर रखमाबाई.

तारखांबाबत एक तांत्रिक सूचना करतो. जुन्या काळातील व्यक्तींच्या दुव्यांत शक दिलेला असतो आणि स्पर्धक डोळे झाकून ७८ मिळवतात. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ते बहुतांशी बरोबर येते, परंतु वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत, साधारण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शिवाजी महाराजांची शासनमान्य जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. ७८ मिळवले तर १६२९ येते, पण फाल्गुन असल्याने खरे वर्ष १६३० होते आणि दिनांक १९ फेब्रुवारी. शिवाय वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ म्हणजे १६२७ ही दुसरी तिथीही परंपरेने चालत आलेली आहे. म्हणून मध्ययुगीन व्यक्तींच्या बाबतीत जन्मवर्षावर संपूर्ण उत्तर उभारू नये. संतांच्या बाबतीत तर मी जन्मवर्षाचा दुवा देतच नाही, कृतीचा देतो. ‘ज्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातील घुमानशी ज्यांचे नाव जोडलेले आहे’ असे म्हटले की नामदेव निश्चित होतात, मग जन्मवर्षाविषयी कोणाचे काहीही मत असो.

येथवर सांगितलेले एका ओळीत मांडायचे तर: पहिले नाव सुचले की त्याचा शेजारी शोधावा, आणि भारदस्त दुव्यांपेक्षा खासगी दुव्यांवर विश्वास टाकावा. याला एक महत्त्वाची पुरवणी आहे, ती जोडीच्या दुव्यांची. दोन साधे दुवे एकत्र आले की त्यांची ताकद दोहोंच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक असते, मात्र ते वेगवेगळ्या प्रांतांतील असले पाहिजेत. ‘गणितज्ञ’ म्हटल्याने काही कळत नाही, ‘प्राचीन भारताचा इतिहासकार’ म्हटल्यानेही नाही. पण जुन्या नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावणारा गणितज्ञ असे म्हटले की दामोदर कोसंबींवाचून दुसरे नाव उरत नाही. त्यांच्या वडिलांच्या बाबतीत ‘गोमंतकीय’ आणि ‘हार्वर्ड’ ही जोडी पुरत नाही, कारण ती दोघांनाही लागू आहे. ‘पाली’ हा तिसरा शब्द आला की धर्मानंद. गोव्यातीलच दुसरे उदाहरण आबे फारियांचे. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला पाद्री आणि पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करणारा माणूस, ही जोडी जगात एकच आहे.

उलट एकाच प्रांतातील दुवे कितीही रचले तरी जोडी बनत नाही. दोन गायिकांचे उदाहरण घ्या. गोव्यात जन्म, जुलै महिना, अल्लादिया खाँसाहेबांची तालीम, जयपूर घराणे, पद्मभूषण. पाच दुवे झाले, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर दोघीही अजून शर्यतीत आहेत. केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२, मोगूबाईंचा १५ जुलै १९०४. हे पाचही दुवे एकाच परंपरेतून आलेले असल्यामुळे एक मिळाला की बाकीचे जवळजवळ आपोआप मिळतात, नवे काही सांगत नाहीत. मी हा प्रश्न दोन वेळा दोन प्रकारे वापरला आहे. केसरबाई हव्या होत्या तेव्हा शेवटचा दुवा होता: ‘१९७७ मध्ये माझ्या भैरवीची तबकडी अंतराळयानातून पाठवली गेली.’ ‘व्हॉयेजर’ यानांवरील ध्वनिमुद्रिकेत ‘जात कहाँ हो’ आहे, हे अनेकांना ठाऊक असते, त्यामुळे बझर लगेच वाजला. मोगूबाई हव्या होत्या तेव्हा लिहिले: ‘माझे जन्मगाव आता वर्षातील बराच काळ पाण्याखाली असते.’ कुर्डी गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की त्याचे अवशेष वर येतात. हा दुवा संगीताचा नाहीच, म्हणून तो निर्णायक आहे. आणि सभागृहात उत्तर दिले ते धरणांविषयी वाचणाऱ्या मुलाने, संगीतप्रेमी संघाने नव्हे. मुलीचे नाव किशोरी आमोणकर असे दिले असते तर अर्थातच प्रश्न सोपा झाला असता.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे वाचन कसे करावे याकडे. चरित्रे वाचणे सुरू ठेवा, मात्र टिपणे व्यक्तीच्या नावाखाली लिहू नका. नावाखाली लिहिलेले टिपण उत्तर माहीत असताना दुवे सांगते. आपल्याला दुवे माहीत असताना उत्तर सांगणारे टिपण हवे आहे. म्हणून वहीची पाने दुव्यांच्या नावाने करावीत. माझ्याकडे ‘तुरुंगातील लेखन’ असे एक पान आहे. त्यावर टिळकांचे मंडाले आणि गीतारहस्य आहे, साने गुरुजींचा नाशिकचा तुरुंग आणि ‘श्यामची आई’ आहे, आगरकरांची डोंगरीची हकीकत आहे, आणि १९३२ मधील धुळे तुरुंगातील विनोबांची गीतेवरील प्रवचने आहेत. ही नोंद एकाच पानावर असल्यामुळे दिसते की ‘तुरुंगात जन्मलेले गीतेवरील पुस्तक’ या वर्णनाला टिळक आणि विनोबा दोघेही पात्र आहेत, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे एक पुस्तक लिहिलेले आहे व दुसरे बोललेले. बोललेले कोणी उतरवून घेतले, हा आणखी एक प्रश्न तेथेच तयार होतो, आणि त्याचे उत्तर साने गुरुजी, म्हणजे त्याच पानावरचे तिसरे नाव.

अशी पाने दत्तकांची करावीत, अल्पायुषी व्यक्तींची करावीत (आनंदीबाई २१, बालकवी २७, गडकरी ३३, आगरकर ३८), मूळ आडनावांची करावीत, आणि जन्मगाव एक व कर्मभूमी भलतीच अशांचीही करावीत. गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा आणि मृत्यू सावनेरचा, हे या शेवटच्या पानावर फार शोभते. पान भरू लागले की शेजारी आपोआप शेजारी येऊन बसतात, आणि शेजारी शोधण्याचे जे काम स्पर्धेत काही क्षणांत करावे लागते ते घरी आधीच झालेले असते. ज्या पानावर एकच नाव आहे ते पान मात्र फसवे समजावे. बहुधा आपण दुसरे नाव अजून वाचलेले नसते.

संघाने सरावही याच पद्धतीने करावा. एकाने व्यक्ती मनात धरून दुवे द्यावेत आणि बाकीच्यांनी प्रत्येक दुव्यानंतर नाव सांगण्याऐवजी आता कोण कोण बाद झाले ते सांगावे. सुरुवातीला हे कंटाळवाणे वाटते आणि वेगही मंदावतो. आपल्या संघात कोणी एक जण तारखांत पक्का असेल तर त्याला या सरावात तारखा देऊ नयेत.

शेवटी एक व्यवहारातील गोष्ट, कारण आपण प्रश्नाच्या ओघात तिचाही उल्लेख केला आहे. कधी कधी दुवेच सदोष असतात आणि दोन उत्तरे तितकीच बरोबर ठरतात. आपल्या पाच दुव्यांत तसे झालेले नाही, तेथे आगरकरच बरोबर आहेत. परंतु ‘पहिली महिला डॉक्टर’ यासारखा उघडा प्रश्न आला तर उत्तर देताना मर्यादा स्वतः सांगावी: ‘परदेशात पदवी मिळवणारी या अर्थाने आनंदीबाई जोशी.’ तसे सांगितले की हरकत घ्यायला आधार राहतो. हरकत पुढचा प्रश्न वाचला जाण्यापूर्वी, संघनायकाने, परीक्षकांकडे घ्यावी, गुणलेखकाकडे नाही. आणि आपले उत्तर बरोबर आहे असा आग्रह धरण्याऐवजी दिलेल्या दुव्यांनी दुसरे नाव वगळले जात नाही एवढेच दाखवावे. परीक्षक म्हणून बसलेल्या माणसाला हा दुसरा युक्तिवाद नाकारणे फार कठीण जाते, आणि बहुतेक वेळा प्रश्न रद्द होतो किंवा दोन्ही संघांना गुण मिळतात.